दोन भात्यांतून तिसरा सूर

आमच्या घरात दुसऱ्याच्या खुर्चीत कुणी बसत नाही. यात मानपानाचा काही भाग नाही. आम्ही घड्याळजी. उघडलेल्या घड्याळाचे चाळीस-पन्नास भाग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने टेबलावर मांडलेले असतात, आणि भलत्या माणसाचं कोपर लागून तिळाएवढा स्क्रू एकदा उडाला की तो या जन्मी सापडत नाही. त्यामुळे वीस वर्षं मी बाबांबरोबर काम केलं, पण त्यांच्या खुर्चीत एकदाही टेकले नाही. तो नियम मी महिनाभर आधी मोडला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नजर कमी झाल्यापासून ते फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं उघडतात, मनगटावरची माझ्याकडे असतात. कान मात्र असे की दुकानात चाळीस घड्याळं एकदम चालू असताना दारातून आत येतील आणि कोट काढता काढता म्हणतील, “तिसऱ्या रांगेतलं लंगडतंय.” आणि ते लंगडत असतंच. टिक आणि टक यांच्यातलं अंतर केसभर कमी-जास्त झालं की त्याला आम्ही लंगडणं म्हणतो. मला ते यंत्र लावून कळतं, बाबांना कोट काढताना कळतं. याचा मला लहानपणी अभिमान होता आणि मोठेपणी राग यायचा.

थंडी ओसरायला लागली होती तेव्हा समोरच्या पाववाल्या बाई त्यांचं कुकू घड्याळ घेऊन आल्या. दर तासाला दार उघडून लाकडी पाखरू बाहेर येतं आणि “कु-कू” करतं, ते. त्याची करामत साधी असते. आत काडेपेटीएवढे दोन भाते, त्यांना दोन शिट्ट्या. एक भाता “कु” म्हणतो, दुसरा “कू” म्हणतो, संपलं. बाबांनी ते दोन दिवसांत बरं केलं आणि मागच्या खोलीत आपल्या टेबलाच्या वर टांगलं, आठवडाभर नीट चालतंय का बघायला.

तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला खाली आले तर ते घड्याळ पोट उघडून टेबलावर पडलेलं.

“चिमटे,” बाबा म्हणाले. हे माझं घरातलं नाव. हातातल्या चिमट्यावरून पडलं की तोंडातल्या, हे आजवर कुणी स्पष्ट केलेलं नाही. “चिमटे, हे घड्याळ तीनदा ओरडतं.”

“तीन वाजता?”

“सव्वासहाला. कू-कूऽ-कू. मधला सूर लांब.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आता मला सांग, दोन भात्यांतून तिसरा सूर निघतो कसा?”

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी ते घड्याळ चार वेळा उघडलं, भात्यांची कातडी बदलली, शिट्ट्या धुतल्या. पाववाल्या बाई रोज काउंटरवर येऊन विचारायच्या आणि मी रोज नवी थाप मारायचे. शेवटी बाबांनी घड्याळाची वजनं काढली, लंबक काढला, आणि घड्याळ थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “थांबवलं तरी ओरडतंय.”

मी त्यांच्या देखत घड्याळ कपाटात कोंबलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं.

“ऐकू आलं?”

“आलं,” ते हळूच म्हणाले. “आणि कपाटातून नाही आलं. इथूनच आलं. माझ्या कानाशी.”

एक-दोनदा दिवसाही आवाज आला, तेव्हा त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं. मी काउंटरवरून उठून, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बरोबर घेऊन, त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. काही नाही. बाबा माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी घड्याळांकडे. तेव्हापासून त्यांनी हाक मारणं बंद केलं. जुन्या डायरीत काहीतरी लिहीत बसायचे आणि मी आले की मिटायचे.

दादाला फोन मीच केला. हे मी लपवणार नाही. माझा थोरला भाऊ दुसऱ्या शहरात असतो, सहा तासांवर. आई गेली तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: दुकान बंद करा, बाबांना माझ्याकडे पाठवा. मी दर वेळी त्याला उडवून लावलं होतं. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, “दादा, बाबांना भास व्हायला लागलेत,” आणि वाक्य पुरं होण्याआधी रडायला लागले.

दादा रात्रीच्या गाडीने शनिवारी पहाटे आला, एक मोठी रिकामी बॅग घेऊन. बाबांच्या पाया पडला, शेजारी बसला, आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला.

“बाबा, घाबरू नका. आमच्याकडे डॉक्टर चांगले आहेत. बॅग भरा आणि चला. तुमच्यासाठी खोली रिकामीच आहे.”

“आणि माझं टेबल?”

“टेबलाचं काय, ते नंतर बघू.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून गप्प बसले. जन्मभर तोंडाळ म्हणून नाव कमावलं आणि बोलायची वेळ आली तेव्हा हे असं.

आधी इथल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवून अहवाल बरोबर न्यायचा, असं दादाने ठरवलं. ते दोघं साडेआठला निघाले. उद्या सकाळी दहाची गाडी. मला काम दिलं होतं बाबांची हत्यारं बांधून ठेवायचं. निदान ती तरी बरोबर नेऊ द्या, एवढंच बाबांनी मागितलं होतं.

शनिवारची सकाळ. दुकान बंद, रस्ता शांत. बाबांची हत्यारं खणात खोलवर ठेवलेली, उभ्याने हात पोचेना. म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. बसताना उगाचच दाराकडे पाहिलं.

त्या खुर्चीच्या डाव्या हाताला एक जुनी लोखंडी भट्टी आहे. पूर्वी थंडीत तिच्यात कोळसा जळायचा. विजेचा हीटर आला तेव्हापासून ती बंद, आणि बाबा तिच्या पोटात पुसायची फडकी ठेवतात. म्हणून तिचं दार कायम उघडं. खुर्चीत बसलं की ते दार बरोबर डाव्या कानाशी येतं. मी पहिला खण उपसला, दुसरा उपसला, बारीक पेचकस कापडात गुंडाळायला घेतले आणि माझ्या कानात कुणीतरी म्हणालं:

“कू-कूऽ-कू.”

हातातले पेचकस जमिनीवर. मी जागची हलले नाही.

“कू-कूऽ-कू.” मधला सूर लांब. अगदी शेजारी बसून बोलावं इतकं जवळ. मी भट्टीच्या दारात डोकं घातलं. वरून, धुराड्याच्या नळातून, तिसऱ्यांदा तेच आलं.

मी तीन जिने कसे चढले ते मला आठवत नाही. गच्चीवर आमचं धुराडं आहे, वर टोपीसारखा गंजका पत्रा. त्या पत्र्यावर एक होला बसला होता, कबुतराचा धाकटा भाऊ. होले मी जन्मापासून पाहत आलेय, पण हा आमचा नव्हता. आमचे तांबूस, अंगाने आटोपशीर. हा लांबट, फिकट, दुधात चिमूटभर राख कालवली तर जो रंग येईल तसा. आणि मानेच्या मागे एक काळी पट्टी, पुढे उघडी. बाबांच्या सदऱ्याची कॉलर मागून मळते तशी. त्याने माझ्याकडे एक डोळा करून पाहिलं, मान फुगवली, आणि म्हणाला, “कू-कूऽ-कू.”

मी गच्चीवर खाली बसले आणि ढसाढसा रडले. आनंदाने म्हणावं तर तसंही नाही. महिनाभर माझा बाप खरं बोलत होता, आणि मी कपाटाची किल्ली खिशात घालून फिरत होते.

दुपारी दोघं परतले. दादाचा चेहरा उतरलेला. “डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत. या वयात इतके चांगले कान त्यांनी पाहिलेच नाहीत.”

“मग?”

“मग काय! कान चांगले आहेत म्हणजे आवाज डोक्यातला आहे.”

मी सगळं सांगितलं. बाबा उभ्याउभ्या भट्टीकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, “धुराडं! आणि मी महिनाभर बिचाऱ्या भात्यांना छळतोय!”

पण दादा हुशार. तो होल्यांचं घुमणं लहानपणापासून ऐकत आला होता. होले असे ओरडत नाहीत, म्हणाला. गच्चीवर जाऊन आला, तर धुराड्यावर कुणीच नाही. मग त्याने त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना फोन लावला. गावात त्यांना सगळे पक्षीमास्तर म्हणतात. कुठला पक्षी कुठल्या साली कुठे दिसला याची यादी तेच ठेवतात, आणि त्यांच्या यादीत नसलेल्या पाखराने या गावात उडू नये अशी त्यांची साधारण अपेक्षा असते. दादाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“काळी कंठी? फिकट रंग? छे छे,” मास्तर म्हणाले. “तो कंठीवाला होला. तो आपल्या या खंडातला नव्हेच. समुद्रापलीकडून लोकांनी आणून कुठेतरी सोडला, तिथून पसरतोय म्हणतात. पण आपल्यापासून अजून सहाशे किलोमीटरवर आहे. नकाशा आहे माझ्याकडे. तुमच्या बहिणीला साध्या होल्याच्या मानेवर काजळी दिसली असेल.”

“आणि आवाज? कू-कूऽ-कू?”

“साधा होला असा ओरडत नाही.”

दादाने फोन ठेवला आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे आता दोघांना ऐकू येतंय,” तो म्हणाला. आणि खरं सांगते, तो चेष्टा करत नव्हता. घाबरला होता.

इथे माझं डोकं फिरलं. मी मास्तरांना परत फोन लावला आणि म्हणाले, “मास्तर, उद्या सकाळी सहाला आमच्या दुकानात या. पाखरू नसलं तर बाबा दहाच्या गाडीने जातील आणि मी जन्मात तुम्हाला तोंड दाखवणार नाही. असलं तर तुमचा नकाशा तुम्हाला फाडावा लागेल.”

“नकाशा पेन्सिलीने काढलेला आहे,” मास्तर तुटकपणे म्हणाले. “येतो.”

रविवारी सहाला ते आले, गळ्यात दुर्बीण, चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधला भाव. दादाने भरलेली बॅग दाराशी आणून ठेवली होती. आम्ही तिघं मागच्या खोलीत उभे. बाबा खुर्चीत, हातात स्टॉपवॉच.

“साधारण सव्वासहा,” बाबा म्हणाले.

सव्वासहा झाले. चाळीस घड्याळांनी ते आपापल्या परीने सांगितलं. भट्टी गप्प. सहा सतरा. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. सहा एकोणीस. दादाने हळूच बॅगेकडे पाहिलं आणि ते मी पाहिलं. फक्त बाबांचा चेहरा शांत होता. दुरुस्त केलेलं घड्याळ आता ठोके देणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा असतो तसा.

बाबा उठले. “मास्तर, तुम्ही इथे बसा.”

“बाबा?” मीच दचकले.

“बसू दे. खुर्चीतूनच ऐकू येतं ना.”

मास्तर टेबलाला न शिवता, अंग चोरून बसले. डावा कान भट्टीकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे मला आवाज येण्याआधी तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. भुवया वर गेल्या, तोंड उघडं पडलं. मग खोली इतकी शांत होती की आम्हालाही ऐकू आलं.

“कू-कूऽ-कू.”

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि त्यावरचा एक आवाज लावला. तेच. तीन सूर, मधला लांब.

“हेच,” बाबा म्हणाले. “फक्त तुमचा जरा घाईत आहे. आमचा निवांत घेतो.”

दादा भिंतीला टेकला होता. पण मास्तर मास्तरच. दोन क्षणांत सावरून म्हणाले, “आहे, आहे, कंठीवालाच आहे. पण याची नोंद अशी होत नाही. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला असणार. एकटा भरकटलेला पक्षी म्हणजे पक्षी पसरला असं नव्हे.”

“एकटा नाही,” बाबा म्हणाले.

“म्हणजे?”

बाबांनी ती जुनी डायरी उघडली. महिन्याभराच्या सगळ्या सकाळी तिच्यात होत्या. वेळ, किती हाका, प्रत्येक सुराची लांबी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. मला भास वाटत होता तेव्हा माझा बाप त्याची मोजमापं घेत बसला होता. “दोन आहेत. हा मोठा. दुसरा क्वचित बोलतो, हळू, आणि त्याचा मधला सूर थोडा वर जातो. आणि गेल्या मंगळवारपासून,” ते थांबले, दादाकडे बघत, “हे मी सांगितलं नव्हतं. आधीच तुम्हाला एवढं पुष्कळ झालं होतं. मंगळवारपासून आणखी एक बारीक आवाज येतो. शिट्टीची पट्टी तुटल्यासारखा. तोही एक नाही. दोन.”

मास्तर एकदम उठले. टेबलाला धक्का लागला, काहीतरी टिणकन उडालं, आणि कुणी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

गच्चीवर धुराड्याच्या मागे, टोपीचा पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात, चार काड्यांचं घरटं होतं. काड्या आणि तारा. मी वाकून पाहिलं तर त्यात आमच्याच दुकानातल्या भंगाराच्या डब्यातल्या केसाएवढ्या तुटक्या स्प्रिंगा, एक वाकडा मिनिटकाटा. आणि त्यावर दोन कुरूप, पिवळट केसांची पिल्लं, चोची वर करून. थोड्या अंतरावर तारेवर कंठीवाली जोडी शेजारीशेजारी.

मास्तर बराच वेळ दुर्बीण लावून उभे होते. इतक्या जवळून दुर्बिणीचं काहीच काम नव्हतं. खाली केली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “घरटं,” ते म्हणाले. “पिल्लांसकट. अहो, या अख्ख्या मुलखातलं पहिलं घरटं. सहाशे किलोमीटर एका दमात!” मग त्यांनी वही काढली आणि बाबांना चक्क वाकून विचारलं, “नोंद करणाऱ्याचा व्यवसाय काय लिहू?”

“घड्याळजी,” बाबा म्हणाले.

“निवृत्त?”

“निवृत्त कशाला?” दादा मध्येच म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “चालू आहे म्हणून लिहा.” आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून माझा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ रडला. “मला वाटलं, तुम्ही हातचे जाताय.”

“जाईन की कधीतरी,” बाबा त्याची पाठ थोपटत म्हणाले. “पण दहाच्या गाडीने नाही.”

बॅग मी स्वतः उपसली. हत्यारं एकेक करून बाबांच्या खणात परत लावली, आणि मग त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, “बाबा, मी चुकले. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही.” ते म्हणाले, “मीही नव्हता ठेवला. म्हणून तर मोजत होतो.” कुकू घड्याळ त्याच दिवशी पाववाल्या बाईंना पोचवलं. नव्या भात्यांनी ते इतकं दणदणीत ओरडायला लागलं की बाई त्यावर उशी टाकतात म्हणे.

याला दोन वर्षं झाली. आता आमच्या रस्त्यावर एक तार अशी नाही की जिच्यावर कंठीवाले बसलेले नाहीत. मास्तरांच्या नकाशावर आमच्या दुकानाच्या जागी पहिला ठिपका आहे, शाईने, आणि त्याच्या भोवती दर महिन्याला नवे ठिपके पडतात. आमचे जुने होलेही आहेत जागेवर. भांडतात, पण आहेत. पाववाल्या बाई रोज पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि रोज संध्याकाळी त्यांना पावाचा चुरा टाकतात. बाबा ऐंशीचे झाले. कोट काढता काढता अजून सांगतात कुठलं लंगडतंय ते.

मागच्या रविवारी दादाचा फोन आला. बाबांना द्यायला सांगितलं. माझे हात तेलाचे, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“बाबा,” दादा जरा चाचरत म्हणाला, “इथे आमच्या खिडकीबाहेर रोज पहाटे आवाज येतो. कू-कूऽ-कू. शपथेवर सांगतो. पण हिला ऐकूच येत नाही. म्हणते, तुला भास होतात.”

बाबांनी चिमटा खाली ठेवला. चष्मा कपाळावर चढवला. त्यांना किती आनंद झालाय ते मला दिसत होतं, आणि ते तो मुळीच घाईत खर्च करणार नव्हते.

“हे बघ,” ते लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, “घाबरू नकोस. आमच्याकडे डॉक्टर चांगले आहेत. बॅग भर आणि ये. तुझ्यासाठी खोली रिकामीच आहे.”

यावर आधी दादा हसला की त्याच्या खिडकीतलं पाखरू घुमलं, ते मला काही सांगता येणार नाही. बाबांना विचारा, ते बरोबर सांगतील.